डुकरांचा मुकादम आणि बिनतारणाचा हुकूम

आल्डन क्विम्बीने साठीला टेकल्यावर लग्न केलं, तेव्हाच गावाने आपल्यासाठी काय वाढून ठेवलंय हे त्याला कळायला हवं होतं. टारबेल गावातच त्याचा सगळा जन्म गेला होता. दर मार्चमध्ये, सभागृहाच्या पायऱ्यांवर बर्फ अजून साचलेलं असताना, गाव तिथे जमतं आणि रस्त्याचा खर्च, शाळेचा खर्च, आगीचा नवा बंब घ्यायचा की नाही, यावर दिवसभर भांडतं. दुपारी काकवीत शिजवलेल्या घेवड्यावर ताव मारतं आणि पुन्हा भांडतं. सगळे दमले, की अगदी शेवटी डुकरांचा मुकादम निवडतात.

हे पद फार जुनं. पूर्वी डुकरं गावभर मोकाट फिरायची, लोकांचे मळे उकरायची. मुकादमाने ती धरायची, नुकसान किती झालं ते ठरवायचं आणि मालकाला ताळ्यावर आणायचं. आता गावात डुकरं उरली दोन-चार घरांत, तीही कुंपणात. पण पद रद्द करावं असं कुणाच्याही मनात येत नाही, कारण त्या वर्षी ज्याचं लग्न झालं असेल त्याच्या गळ्यात ते घालायचं आणि पोट धरून हसायचं, ही इथली रीत आहे. नवरदेव बहुधा पंचविशीचा असतो आणि नवरी शेजारी बसून लाजत असते. आल्डनचे कल्ले पांढरे झालेले होते.

नाव सुचवलं हार्लन स्टिकनीने. हार्लन म्हणजे आल्डनचा शेजारी, शाळेपासूनचा दोस्त आणि गावच्या तीन पंचांतला थोरला. तो उठला आणि चेहरा अगदी गंभीर ठेवून म्हणाला, "सभापती, यंदा गावात एक कोरा करकरीत नवरदेव आलाय. जरा उशिरा पोचला, पण त्यात दोष टपालखात्याचा असावा."

सभागृहात एकच हशा पिकला. एकूण एक हात वर गेले. आल्डनचे कान बीटासारखे लाल झाले. त्याला चार माणसांत बोलायचं म्हणजे जिवावर यायचं, त्यात हे. कारकूनबाईंनी त्याला पुढे बोलावून उजवा हात वर करायला लावला, शपथ दिली, आणि त्याने ती पुटपुटत घेतली. सगळ्यात मोठ्यांदा हसत होती त्याची बायको, व्हायोला. त्याला राग यायला हवा होता, पण तिला तसं हसताना पाहून तो आला नाही.

आल्डनचा स्वभाव असा, की काम अंगावर पडलं की ते थट्टेत पडलंय की खरंच, हे तो बघत नसे. जूनमध्ये खालच्या आळीतल्या दोन डुकरिणी कुंपण मोडून डांबरी रस्त्यावर येऊन लोळल्या. लोकांनी मोटारी थांबवून फोटो काढले. आल्डन सफरचंदांची बादली घेऊन आला, बादली वाजवत पुढे चालला आणि त्या दोघी त्याच्या मागून मुकाट घरी गेल्या. मालकाच्या कुंपणाला तीन खांब ठोकून मगच तो परतला. व्हायोलाने त्याची चिखलाने माखलेली पँट पाहिली आणि म्हणाली, "मुकादमसाहेब, गणवेश बाहेरच काढा."

त्याला हे आयुष्य आवडत होतं. इतकं आवडत होतं, की कधीकधी त्याला त्याची भीती वाटायची.

व्हायोलाची वाडी डोंगराच्या उतारावर होती. तिथे एका जातीचं सफरचंद होतं, जे दुसरीकडे कुठेच नव्हतं. तिच्या वडिलांनी ते जोपासलेलं. मूळ झाड गेल्या हिवाळ्यातल्या वादळात मुळासकट उन्मळून पडलं. तिने आधीच त्याच्या काड्या घेऊन कलमं बांधली होती, म्हणून जात वाचली. ती कलमं घरामागच्या वाफ्यात गुडघ्याइतकी झाली होती आणि या शरदात पानं गळली, की वरच्या शेतात लावायची होती. व्हायोला रोज सकाळी चहाचा पेला घेऊन त्यांच्यातून फिरायची. पहिल्या नवऱ्याच्या दुखण्याच्या दिवसांत तिला याच वाडीने उभं ठेवलं होतं, असं ती एकदाच बोलली होती.

आणि सप्टेंबरात रानडुकरं आली.

डोंगरमाथ्यावर एक शिकारक्लब होता. मोठ्या शहरांतले पैसेवाले लोक तिथे येत, उंच जाळीच्या आत सोडलेली रानडुकरं मारत, आणि बंगल्यात बसून ती कशी मारली ते एकमेकांना सांगत. गावाचं त्यांच्याशी काही वाकडं नव्हतं. पण उन्हाळ्यातल्या पुरात जाळी जागोजाग खचली, आणि क्लबाने तिला फांद्या टेकवून वेळ मारून नेली. डुकरं रात्री खाली उतरायची. आधी हार्लनचे बटाटे गेले, मग चर्चमागची हिरवळ गेली, मग एका सकाळी व्हायोला चहाचा पेला घेऊन बाहेर गेली आणि पेला हातात तसाच धरून परत आली. वाफा नांगरल्यासारखा झाला होता. निम्म्याहून जास्त कलमं मुळं वर करून पडलेली होती.

आल्डन क्लबाच्या व्यवस्थापकाकडे तीनदा गेला. व्यवस्थापकाने त्याला कॉफी पाजली आणि काखा वर केल्या. जाळी वसंतात दुरुस्त होईल, म्हणाला. आता हंगाम तोंडावर आलाय. शनिवारी तर नवीन डुकरांचा ट्रक येतोय.

"नवीन?" आल्डनने विचारलं.

"सभासदांनी आधीच पैसे भरलेत हो. त्यांना मारायला काहीतरी नको का?"

त्या संध्याकाळी व्हायोला स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "शनिवारी ट्रक रिकामा झाला, की उरलेली कलमंही जातील. मग मी इथे राहून काय करू, आल्डन? बहीण रूथ केव्हाची बोलावतेय. वाडी विकायची आणि तिच्याकडे फ्लॉरिडाला जायचं. तूही चल."

"येईन की," आल्डन म्हणाला. तो खरंच गेला असता. पण आपली ही बाई एखाद्या गुळगुळीत अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेली त्याने मनात पाहिली, आणि त्याला रात्रभर झोप आली नाही.

व्हायोलाची भाची कॉनी जिल्ह्याच्या गावी वकील होती. मृत्युपत्रं, खरेदीखतं, शेजाऱ्यांची हद्दीची भांडणं, अशी तिची वकिली. तिने दोघांच्या नावाने अर्ज केला: जाळी दुरुस्त होईपर्यंत क्लबाने नवीन डुकरं सोडू नयेत, असा तात्पुरता मनाई हुकूम द्यावा. गुरुवारी सकाळची तारीख मिळाली. हार्लन स्वतःची गाडी घेऊन सोबत आला. "माझे बटाटे साक्षीदार आहेत," म्हणाला.

न्यायाधीश प्रेस्कॉटबाई चष्म्यावरून बघायच्या आणि कमी बोलायच्या. त्यांनी वाफ्याचे फोटो पाहिले, जाळीचे पाहिले, आणि त्यांचा कल आल्डनच्या बाजूने आहे असं हार्लनलासुद्धा दिसलं. मग क्लबाचे वकील लॅथ्रॉपसाहेब उठले. कपड्यांना एक चुणी नाही, आवाज तुपाळ.

"हुकूम द्यायला माझी हरकत आहे, ती मी नोंदवलेली आहे," ते म्हणाले. "पण उद्या पूर्ण सुनावणीत हा हुकूम चुकीचा होता असं ठरलं तर? आमचा हंगाम बुडालेला असेल. ती भरपाई कोण देणार? मनाई हुकूम मागणाऱ्याने आधी तारण ठेवावं, असा नियम आहे. आमच्या अंदाजाने पन्नास हजार डॉलर."

प्रेस्कॉटबाईंनी कागद चाळले. नियम होता, अंदाजही फारसा फुगवलेला नव्हता. त्यांनी कॉनीकडे पाहिलं. "तारणाशिवाय मला हुकूम देता येणार नाही. जेवणाच्या सुट्टीनंतर सांगा, तुमचे अशील काय करू शकतात."

कोर्टासमोरच्या खाणावळीत चौघं बसले. आल्डनच्या पुढ्यात कालवणाचा वाडगा निवत होता. त्याचं घर गहाण टाकलं तरी एवढे होणार नव्हते. वाडी टाकली तर झाले असते, पण जी वाडी वाचवायची तीच टांगणीला लावायची, हे त्याच्या घशाखाली उतरेना. व्हायोला म्हणाली, "राहू दे. आपण प्रयत्न केला." ती हे फार मवाळपणे म्हणाली. ती अशी मवाळ बोलणारी बाई नव्हती.

हार्लनला गप्प बसवत नाही. कुणी दुःखात असलं की त्याची जीभ आणखी सुटते. "तरी मी म्हणत होतो," तो आल्डनच्या खांद्यावर थाप मारत म्हणाला, "गावाचा मुकादम असा, की ज्याच्या नाकासमोर डुकरं नाचतात. अरे, कसला तू अधिकारी? पुढच्या सभेत तुझी खरडपट्टीच काढतो."

"हार्लन, आत्ता नको," व्हायोला म्हणाली.

पण कॉनीने तोंडाशी नेलेलं सँडविच खाली ठेवलं. "काय म्हणालात?"

"थट्टा केली गं."

"नाही, ते अधिकारी म्हणालात ते. आल्डनकाका अजून मुकादम आहेत?"

"मार्चपर्यंत. सुटका नाही त्याची."

"मतदान झालं होतं? शपथ झाली होती?"

"सगळं झालं होतं," व्हायोला म्हणाली. "हा चिमणीसारखा पुटपुटला, पण शपथ घेतली."

कॉनीने दोन्ही हात टेबलावर ठेवले. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू जे हसू पसरलं, ते बघून आल्डनला का कोण जाणे मार्चमधल्या त्या सभागृहाची आठवण झाली आणि त्याचे कान आधीच तापायला लागले. "तारण सगळ्यांना द्यावं लागतं," ती म्हणाली. "फक्त सरकारला माफ आहे. राज्याला, गावाला, आणि त्यांच्या अधिकाऱ्याला. मोकाट डुकरं आवरणं हे ज्याचं कामच आहे असा गावाचा अधिकारी मी सकाळपासून साधा शेजारी म्हणून उभा केलाय. मी कशाला शिकले देव जाणे. काका, अर्ज तुमच्याच नावाने, पण मुकादम म्हणून. हार्लनकाका, तुम्ही पंच. गावाची संमती आहे?"

"दुसऱ्या पंचाला फोन लावतो," हार्लन म्हणाला, आणि त्या दिवसात पहिल्यांदाच त्याला पुढे विनोद सुचला नाही.

दुपारी लॅथ्रॉपसाहेबांनी दुरुस्त केलेला अर्ज वाचला आणि त्यांना हसू आवरेना. "बाईसाहेब, डुकरांचा मुकादम? ही या गावातली एक गंमत आहे. नवरदेवाची फिरकी. कुठल्याशा थट्टेला सरकार म्हणायचं आणि तारण माफ करायचं? शिवाय ही साधी डुकरं नव्हेत, रानडुकरं आहेत."

"हार्लनसाहेबांच्या बटाट्यांना तो फरक कळला असेल असं वाटत नाही," प्रेस्कॉटबाई म्हणाल्या. "पण पहिला मुद्दा खरा आहे. पंचांना बोलवा."

हार्लन साक्षीच्या पिंजऱ्यात गेला. लॅथ्रॉपसाहेब त्याच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "शपथेवर सांगा. मार्चमध्ये तुम्ही आल्डन क्विम्बींचं नाव सुचवलंत ते थट्टा म्हणून, हो की नाही?"

हार्लन खोटं बोलणार नव्हता, हे आल्डनला ठाऊक होतं. हार्लन शाळेतही खोटं बोलत नसे. म्हणून तर दोघांनीही मार खाल्लेला.

"हो," हार्लन म्हणाला. "थट्टा म्हणून."

"आणि सगळं गाव हसलं."

"पोट दुखेपर्यंत."

"मला आणखी काही विचारायचं नाही."

"पण मला सांगायचंय," हार्लन म्हणाला, आणि न्यायाधीशबाईंकडे वळला. "बाई, आमच्या गावात कुणाला निवडलं की आम्ही हसतोच. मला पंच केलं तेव्हा तर एक म्हातारा हसता हसता बाकावरून खाली पडला. पण हसून झाल्यावर आम्ही हात मोजले. शपथ दिली. आणि हा माणूस जूनमध्ये भर रस्त्यातून सफरचंदांची बादली वाजवत दोन माद्या घेऊन गेला, तेव्हा त्यांचा मालक काही हसला नाही. त्याने आभार मानले. आम्ही थट्टेत काम दिलं, याने ते खरंच केलं. आता याला अधिकारी म्हणायचं नसेल, तर आमच्या गावात अधिकारी कुणीच नाही, मीसुद्धा."

प्रेस्कॉटबाईंनी चष्मा काढला. "लोक हसले म्हणून पद जात नाही," त्या म्हणाल्या. "तसं असतं तर मलाच उद्यापासून घरी बसावं लागलं असतं." मग त्यांनी आल्डनला पुढे बोलावलं आणि त्यांचा आवाज बदलला. "मुकादम, एक गोष्ट समजून घ्या. तारण माफ आहे याचा अर्थ असा, की तुम्ही चुकलात तर या क्लबाचं नुकसान भरून द्यायला कुणीही नाही. इतरांच्या शब्दामागे पैसे असतात. गावाच्या शब्दामागे फक्त गाव असतं. म्हणून मी तुम्हालाच विचारते. तुमची खात्री आहे?"

आल्डनने एकवार सगळीकडे पाहिलं. समोर ही बाई, मागे लॅथ्रॉपसाहेब, आणि बाकावर व्हायोला, मांडीवर हात घट्ट गुंफून बसलेली. तिच्यासाठी नुसतं हो म्हणावं, असं त्याच्या फार मनात आलं.

"मी ती जाळी सगळी चालून पाहिलीय," तो म्हणाला. "वाडीच्या अंगाला ती आडवी पडलीय, तिथून डुकरं येतात, ठसे आहेत, केस अडकलेत. ते मी शपथेवर सांगतो. पण उत्तरेच्या अंगाला जाळी चांगली आहे. आणि चर्चमागची हिरवळ कुणी उकरली ते मला सांगता येणार नाही, अस्वलही असेल. ते डुकरांच्या माथी मारू नये." कॉनीने डोळे मिटून घेतले. आल्डन पुढे बोलतच राहिला, आणि आपण बोलतोय याचंच त्याला नवल वाटत होतं. "आणि त्यांचा हंगाम बुडवायचा नाहीये मला. आत जी डुकरं आहेत त्यांची शिकार खुशाल करू देत. फक्त पडलेली जाळी उभी होईपर्यंत नवीन सोडू नयेत. ते काम फार मोठं नाही. माझ्याकडे खांब आहेत, हार्लनकडे ट्रॅक्टर आहे. त्यांनी माणसं दिली, तर मी येतो की मदतीला."

लॅथ्रॉपसाहेब उठता उठता पुन्हा बसले. मागच्या बाकावरचा क्लबाचा व्यवस्थापक त्यांच्या कानाशी लागला. बराच वेळ लागला. प्रेस्कॉटबाई तोवर लिहीत होत्या.

"हुकूम देते आहे," त्या म्हणाल्या. "मुकादमांनी मागितला तेवढाच, त्याहून तसूभर जास्त नाही. तारण माफ. आणि वकीलसाहेब, तुमच्या अशिलांना सांगा, जो माणूस स्वतःच्या विरुद्ध जाणारं अस्वल आपणहून कोर्टात आणतो, अशा माणसाबरोबर जाळी ठोकायला जाणं फायद्याचं असतं."

बाहेर पायऱ्यांवर व्यवस्थापकाने आल्डनला गाठलं. ट्रक मी फोन करून थांबवलाय, म्हणाला, आणि सोमवारी माणसं पाठवतो. मग जरा घुटमळून त्याने विचारलं, "ती सफरचंदांच्या बादलीची गोष्ट खरी आहे का हो? आमची बाहेर पडलेली परत आत न्यायला…" हार्लन एवढं हसला, की त्याला कठड्याचा आधार घ्यावा लागला.

परतीच्या वाटेवर गाडीत हार्लन एकटाच बोलत होता. मेपल सगळे झडून गेले होते आणि उतारावरची उन्हं पिवळी, तिरपी पडत होती. आल्डन मागच्या सीटवर व्हायोलाशेजारी बसला होता. ती खिडकीबाहेर बघत होती. अस्वलाचं बोललो ते तिला लागलं असेल का, असं त्याच्या मनात आलं. शेवटी त्याने हळूच विचारलं, "रागावलीस?"

"गप्प बस," व्हायोला म्हणाली, आणि त्याचा हात आपल्या हातात घेऊन बसली.

घरी पोचल्यावर आल्डन चूल पेटवायला आत गेला. कॉफी उकळली तरी व्हायोला आत येईना. तो दारात आला, तर वरच्या शेतात ती दिसली. कोर्टासाठी घातलेला निळा झगा, त्यावर त्याचा जुना कोट, पायांत गमबूट. कुदळीने खड्डा खणत होती. उरलेली कलमं गोणपाटात गुंडाळून तिने सगळी वर नेली होती.

तो चढ चढून तिच्यापाशी गेला. "आत्ताच? उजेड जाईल. आणि जाळी अजून व्हायचीय. सोमवारनंतर लावू की."

"रात्री कंदील घेऊन तू बसशील इथे. मुकादम आहेस ना?" तिने माती झटकली आणि पुढच्या खड्ड्याची जागा पावलांनी मापली. "अंतर नीट ठेवायला हवं. मोठी झाली की फांद्या पसरतात यांच्या. आबा म्हणायचे, दाट लावलीस तर पस्तावशील."

आल्डनने दुसरी कुदळ उचलली. माती थंड होती, पण मऊ होती. दोन खड्डे खणून झाल्यावर तो ताठ झाला आणि पाठीवर हात ठेवून त्या गुडघ्याएवढ्या काड्यांकडे बघून म्हणाला, "व्हायोला, यांना फळ धरायला आठ-दहा वर्षं तरी जातील."

तिने कलम खड्ड्यात सरळ धरलं आणि त्याच्याकडे पाहिलं.

"मग? तुला कुठं जायचंय?"

आल्डन गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही हातांनी माती लोटू लागला.